रांजणातला समुद्र

त्या वर्षी आमच्या घरात दिवस उजाडायचा तो एका प्रश्नाने. चहा व्हायच्या आधी मामा, म्हणजे माझे सासरे, बैठकीच्या खोलीतून हाक मारायचे. मी ओले हात पदराला पुसत जायची. ते बॅटरी माझ्या हातात द्यायचे. मी काचेच्या टाकीवर वाकून, पाण्यात दोऱ्याने टांगलेल्या एका तपकिरी पिशवीमागे उजेड धरायची, आणि ते विचारायचे, “हलतंय का?”

ती पिशवी म्हणजे मुशीचं अंडं. मुशी हा लहान जातीचा शार्क. आमच्याकडे होती ती हातभर लांब, दिवसभर तळाशी पडून राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. चामड्याच्या चपट्या पाकिटासारखं असतं, आणि मागून उजेड धरला की आतलं दिसतं: पिवळा बलक आणि त्याला चिकटलेला एक वळवळणारा दोरा. तो वळवळला की मी ‘हो’ म्हणायची आणि मग घरात चहाचं आधण चढायचं. समुद्र कुठल्याच बाजूला नाही अशा सोलापुरात, ज्या घराचा उंबरा कोंबडीच्या अंड्यानेही कधी ओलांडला नव्हता, त्या घरात हे चाललं होतं.

मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. आयुष्यभर त्यांनी शार्क शिकवला. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले मासे मुंबईहून डब्यांतून यायचे, मुलं नाकाला रुमाल लावून ते कापायची आणि मामा फळ्यावर रंगीत खडूंनी मेंदू न् नसा काढून दाखवायचे. घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. कॉलेजच्या कपाटात एका बाटलीत मुशीचं पिल्लूही होतं, वर्षानुवर्षं औषधात राहून पांढरंफटक पडलेलं. खरा रंग कोणता, असं मुलांनी विचारलं की मामांना सांगता यायचं नाही. इतकी वर्षं शिकवूनही जिवंत मुशी त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. हे ते हसत सांगायचे, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही ते गमतीचंच वाटलं होतं.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. कडेचं दिसणं तोवर गेलंच होतं. नाकासमोर वाटीएवढा एक तुकडा तेवढा स्वच्छ दिसायचा. ताटातली भाकरी दिसली तर आमटी दिसायची नाही. तो तुकडाही लहान होत चालला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून एका वेळी किती तारखा दिसतात ते चाचपून बघताना मी त्यांना एकदा पाहिलं. त्यांनी मला पाहिलं नाही, कारण मी कडेला उभी होते.

एका रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डोळे आहेत तोवर त्यांना मुशीचं पिल्लू जन्माला येताना बघायचं होतं. आत्यांच्या हातातला भात तसाच राहिला. माझे मिस्टर मिलमध्ये नोकरीला होते, त्यांना घरातल्या कुठल्याच गोष्टीत पडायची हौस नव्हती. ते म्हणाले, मासा घरात शिजणार नाही ना, मग झालं. आणि जेवून पाळीला निघून गेले. राहिलो आम्ही तिघं.

मामांचा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीकडे होता. त्याने कोळ्यांकडून अंड्यावर आलेली मादी मिळवून दिली. आमच्या बोळाच्या तोंडाशी एक ट्रकवाले चाचा राहायचे, ते चादरींचे गठ्ठे घेऊन कोकणात जात. येताना ते मासा घेऊन आले, आणि पुढेही दर खेपेला समुद्राचं पाणी आणत राहिले, रंगाच्या कारखान्यातून मिळवलेल्या काचेच्या मोठ्या बुधल्यांत. प्रोफेसरसाहेबांनी समुद्र घरपोच मागवलाय, असं ते सगळ्या बोळाला सांगत सुटले होते. दुष्काळ सरून फार वर्षं झाली नव्हती. लोक पाण्यासाठीच्या रांगा विसरले नव्हते, आणि आमच्याकडे खारं पाणी ट्रकने यायचं. शेजारणी मला थांबवून विचारायच्या. मी म्हणायची, मामांना विचारा.

आत्यांनी एकच अट घातली होती: तो प्राणी आहे तोवर त्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवणार नाहीत. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. राग आला की कानडीत बोलायच्या आणि जास्त राग आला की बोलायच्याच नाहीत. त्यामुळे मुशीला कोळंबी खाऊ घालणं माझ्याकडे आलं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. येताना मच्छीबाजाराच्या टोकाला थांबून, कुणी ओळखीचं नाही ना ते बघून, कोळंबी एका जुन्या डब्यात घेऊन यायची. तो डबा धुवायचा नळ वेगळा, फडकं वेगळं, मी वेगळी. मला भीती मुशीची कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती डब्यांची अदलाबदल होईल याची.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि मुशीने अंडी घातली. होळीच्या सुमाराला ऊन तापलं आणि ती मेली. अंडी एकेक करून नासत गेली. शेवटी दोन उरली आणि त्या दोनांतलं एकच हलत होतं.

माझा स्वभाव मुळात काळजीचा. गॅस बंद केलाय का ते बघायला मी बोळातून परत येणारी बाई. त्यात हे अंडं माझ्या गळ्यात पडलं, कारण मामांना ते वळवळणं दिसत नव्हतं. इतक्या अंधुक उजेडातली हालचाल त्यांच्या नजरेत सापडायची नाही. म्हणजे रोज सकाळी ‘हो’ की ‘नाही’ ते मी सांगायचं. मला खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणून सांगत नाही, जमतच नाही, कान लाल होतात. रोज बॅटरी लावताना वाटायचं, की आज नाही म्हणायची पाळी आली तर मी काय करू?

एप्रिल संपता संपता दुसरं अंडं टाकीतच फुटलं. ते नासलेलं होतं. सगळं पाणी गढूळ झालं, वास सुटला. मामा म्हणाले, हे पाणी राहिलं तर चांगलं अंडंही जाईल, सगळं बदलायला हवं. ट्रकने आलेलं पाणी आम्ही तयार ठेवलेलं होतंच. उन्हाने तापलेलं पाणी एकदम टाकीत घालायचं नाही, म्हणून मामांनी चार दिवस आधीच ते बुधल्यांतून मागच्या पडवीतल्या दोन जुन्या रांजणांत ओतून घेतलं होतं. रांजण पाझरतो आणि पाणी गार राहतं, हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. पाझर सुकून रांजणांना बाहेरून मिठाची पांढरी खपली धरली होती.

शाळेला सुट्टी लागली होती. त्या दिवशी सकाळी आम्ही अंडं काढून एका लहान काचेच्या बरणीत ठेवलं, जुनंच थोडं पाणी गाळून घेऊन, अर्ध्या तासापुरतं. टाकी रबरी नळीने रिकामी केली, घासली. मग मी पडवीतून पहिली बादली भरून आणली. टाकीत पाणी ओतण्याआधी मामा नेहमी बोट बुडवून जिभेला लावायचे. तशी त्यांची सवयच होती.

त्यांनी बोट जिभेला लावलं. परत बुडवलं, परत लावलं.

“गोडं आहे,” ते म्हणाले.

मी पडवीत धावले. दोन्ही रांजण लखलखीत घासलेले, काठोकाठ भरलेले. पांढरी खपली कुठेच नव्हती. नळाला त्या आठवड्यात दिवसाआड पाणी येत होतं आणि त्या पहाटे भरपूर जोर होता. आमच्याकडे पाणी आलं की आदल्या खेपेचं शिळं पाणी काढून टाकायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं, हे कुणी ठरवून करत नाही, हात आपोआप करतात. आत्यांची सगळी भांडी भरून झाली तरी नळ चालूच होता. मग त्यांना पडवीतले रांजण आठवले.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. सून म्हणून तोवर कधी आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या दिवशी चढला. त्या ऐकून घेत होत्या.

“नळ चालू व्हता,” त्या शेवटी म्हणाल्या. “भांडी संपली. रांजनाला पांढरं चढलं व्हतं, वास बी मारत व्हता. शिळं पानी घरात कोन ठिवतं? आन् मी वाया न्हाय घालवलं. कढीपत्त्याला घातलं.”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. समुद्राचं पाणी बुधल्यांत असतं एवढंच त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी एकाही बुधल्याला हात लावला नव्हता. हे मला बोलता बोलताच कळत होतं, पण राग थांबत नव्हता. मागे कढीपत्त्याच्या आळ्यात जमीन अजून ओली होती. मी खरंच खाली बसून तिथली माती हातात घेतली. त्यात काय सापडणार होतं, देव जाणे.

मामा रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, बुधल्यांच्या तळाला काही राहिलंय का. आम्ही एकेक बुधला आडवा करून निथळला. प्रत्येकातून वाळू आणि गाळ असलेलं घोट घोट पाणी आलं. ते गाळायला काहीतरी बारीक हवं होतं. मी फडकी शोधत होते तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून आल्या, हातात त्यांचं श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमल होतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि पुन्हा आत गेल्या.

सगळं मिळून एक कळशीभर पाणी झालं असेल. टाकीत ते बोटभरही चढलं नसतं. मग ठेवायचं कशात? तांबं-पितळ विषारी, ॲल्युमिनियम चालत नाही, आणि आमच्या घरात दुसरं होतं काय. काचेच्या लहान बरणीतलं पाणी तर कोमट व्हायला लागलं होतं. आत्या पुन्हा बाहेर आल्या. या वेळी त्यांनी कवेत चिनीमातीची मोठी बरणी आणली होती, नव्या लोणच्यासाठी धुऊन उन्हात वाळवलेली. त्या बरणीला वर्षभर कुणी ओला हात लावायचा नाही असा घरचा दंडक होता. ती त्यांनी मामांच्या पुढ्यात ठेवली. मामांनी गाळलेलं पाणी ओतून अंडं तिच्यात सोडलं.

पडवीत गार वाळूच्या ढिगात बरणी रोवली आणि भोवती ओली चादर गुंडाळली. टाकीत बुडबुडे सोडणारा हवेचा पंप बरणीला लावला, पण वीज जायची तेव्हा तो बंद पडायचा. मग पाणी काचेच्या पेल्याने काढून उंचावरून परत सोडायचं. ते काम आत्यांनी कुणी न सांगता घेतलं. बैठकीत यायचं नाही ही त्यांची अट होती, पडवीबद्दल काही ठरलं नव्हतं. पदर खोचून, पाटावर बसून, त्या तासन् तास एका संथ लयीत ते करायच्या आणि आत बघायच्या नाहीत.

पण बघून उपयोगही नव्हता. चिनीमातीच्या बरणीतून उजेड आरपार जात नाही. अंडं बाहेर काढून बघायचं तर त्याला धक्का बसेल, म्हणून मामांनी मनाई केली. तेव्हा सकाळचा प्रश्न बंद झाला. मला वाटलं होतं सुटले, पण ते दिवस त्याहून वाईट गेले. चाचा खेपेवर गेलेले होते, आज येतील, उद्या येतील, असं करत ट्रक वाटेत बिघडल्याचा निरोप आला. मामा पडवीत बरणीशेजारी खुर्ची टाकून बसायचे. मधूनच स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बोटं बघायचे, एक आड एक डोळा मिटून. पूर्वी सगळा पंजा दिसायचा. मला विचारायचा धीर झाला नाही.

चाचा आले ते मोहोळपासून दुसऱ्याच्या गाडीला ट्रक बांधून. बुधले मात्र एकही फुटला नव्हता. ते सांगत होते, “माल भिजला तरी चलेल, पण साहेबांचं पानी सांडाया नको, म्हून मी सोताच मागं बसलो की.” मामांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

टाकी भरली, पाणी गार झालं, अंडं पुन्हा दोऱ्याला टांगलं. मी बॅटरी लावली. आत आता बलक जवळजवळ नव्हताच. सगळी पिशवी एका काळसर आकाराने भरलेली होती, घट्ट गुंडाळलेली.

“हलतंय का?”

“नाही,” मी म्हणाले.

मामा म्हणाले, असं होतं. पिल्लू पूर्ण वाढलं की आत जागाच उरत नाही, मग ते पडून राहतं. मी म्हणाले, आणि मेलं असेल तर? ते म्हणाले, “तरी असंच दिसतं.” नंतर थोडं थांबून म्हणाले, “वास घेत जा.” त्यानंतर मी येता-जाता टाकीवर वाकून वास घ्यायची. खारट वास आला की जीव भांड्यात पडायचा, आणि दाराबाहेर पोचेपर्यंत वाटायचं, नीट घेतला का आपण? पुन्हा आत जायची. आत्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघायच्या. विचारायच्या काही नाहीत. मी मान हलवली की निघून जायच्या. आमचं बोलणं त्या दिवसापासून बंदच होतं.

कढीपत्ता वाळायला लागला होता. पानं पिवळी पडून गळत होती. आत्यांनी ते झाड लग्न होऊन आल्यावर लावलेलं होतं. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मला ते जास्त लागलं.

मग एका दुपारी मी खोलीतली लादी पुसत होते. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं आणि मिलचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. सहज वर बघितलं तर पिशवीची एक कड उकललेली. त्यातून एक बोथट नाक बाहेर आलं होतं. ते थांबलं. पुन्हा पुढे सरकलं. पिशवी एकदा जोरात हलली आणि बोटभर लांब पिल्लू बाहेर पडून, गिरकी घेत, खाली वाळूवर जाऊन निवांत पडलं. मग मी हाक मारली.

मामा आले. धोतर सावरत टाकीसमोर गुडघे टेकून बसले आणि काचेला नाक लावलं. मी बोट दाखवून सांगू लागले, डावीकडे, जरा खाली, तिथे, त्या शिंपल्याच्या मागे. ते मान हलवायचे आणि पुढे निघून जायचे. वाटीएवढा तुकडा म्हणत होतो आम्ही, तो आता नाण्याएवढाही राहिला नव्हता. माझं बोट त्यांना दिसत नव्हतं, तर बोट कुठे दाखवतंय ते कसं दिसणार? “अजून खाली?” ते विचारत होते. “खाली का?” त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं असतं तर क्षणात काम झालं असतं. पण सासऱ्यांच्या चेहऱ्याला सुनेने हात लावायचा नसतो. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. मी हात पुढे नेले आणि मधेच थांबवले.

आत्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक.

त्या आत आल्या. सगळ्या त्या महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत आल्या. आधी त्यांनी खाली वाकून टाकीत स्वतः शोधलं, कारण त्याशिवाय दुसऱ्याला दाखवणार कसं. मग मामांच्या मागे बसल्या, दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं, चार माणसांत ज्या नवऱ्याचं नावही कधी घेत नसत त्याचं, आणि हळूहळू वळवलं. परात उचलताना सांडू नये म्हणून जसं धरतात तसं.

“हितं बगा,” त्या म्हणाल्या. “हलू नगा.”

मामा हलले नाहीत. श्वासाची वाफ काचेवर धरत होती, ती मी पदराने पुसली.

“पट्टे हायेत की त्याला,” आत्या म्हणाल्या. “काळे-पांढरे. तुमी कदी बोलला न्हाई.”

“मला माहीत नव्हतं,” मामा म्हणाले. “बाटलीत पांढरं होतं.”

मला वाटत होतं की त्यांना काहीच दिसत नाहीये, आमचं मन राखायला ते तसेच बसलेत. ते विचारायची हिंमत आत्यांनी केली. त्यांनी विचारलं, खरंच दिसतंय का.

“शेपटीजवळचा एक पट्टा मधेच तुटलाय,” मामा म्हणाले.

मी वाकून पाहिलं. तुटलेला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग मामांनी डोळे मिटून घेतले. आत्या घाबरल्या. काय झालं, दुखतंय का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “ठेवून घेतोय.”

आत्यांनी हात काढले नाहीत.